ऑनलाइन सुरक्षितता आणि बेकायदा मजकुराची तक्रार: पालकसभेनंतर विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी शाळेत संगणक शिकवते. पालकसभा संपली, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली, की तीन-चार जण मागे रेंगाळतात. आधी मुलाच्या मार्कांचं बोलतात, मग आवाज खाली येतो आणि फोन पुढे होतो. "मॅडम, हे बघा ना, हे काय आलंय." खालचे सगळे प्रश्न मला असेच विचारले गेले आहेत. मी वकील नाही आणि पोलिसही नाही. पण इतक्या जणांच्या शेजारी बसून तक्रारी भरल्या आहेत, की लोक कुठे अडतात ते आता पाठ झालं आहे. ते दोनच ठिकाणी अडतात. कुणी घाबरून सगळं पुसून टाकतं, तर कुणी संतापून तेच दहा जणांना पाठवतं. दोन्हींचा फायदा गुन्हा करणाऱ्यालाच होतो.

ग्रुपवर एका लहान मुलीवरच्या अत्याचाराचा व्हिडिओ आलाय. खाली लिहिलंय, "हा नराधम पकडला जाईपर्यंत शेअर करा." शेअर करायचा ना?

नाही. एकालाही नाही, नवऱ्यालाही नाही, "फक्त बघ आणि डिलीट कर" असं म्हणूनसुद्धा नाही.

हा प्रश्न मी मुद्दाम सगळ्यात वर ठेवला आहे, कारण इथे भली माणसं चुकतात. पाठवणाऱ्याच्या मनात राग खरा असतो, कळकळ खरी असते. पण तो व्हिडिओ म्हणजे त्या मुलीच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण आहे आणि प्रत्येक फॉरवर्डबरोबर तो आणखी शंभर अनोळखी लोकांसमोर उघडा पडतो. ती उद्या मोठी होईल, शाळेत जाईल, तिचं लग्न होईल, आणि हा व्हिडिओ कुणाच्या तरी फोनमध्ये असेलच. पोलिसांना गुन्हेगार सापडायला हजार फॉरवर्डची गरज नसते. एक नीट भरलेली तक्रार पुरते.

कायदाही इथे हेतूची फार चौकशी करत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ६७ब मुलांचा लैंगिक मजकूर पसरवणं, डाउनलोड करणं, जमवणं, इतकंच काय तो शोधणं यालाही गुन्हा ठरवतं. पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२चा कायदा आहे, ज्याला आपण सगळे पॉक्सो म्हणतो. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. असा मजकूर स्वतःजवळ ठेवणं आणि तो न पुसणं, न कळवणं हेसुद्धा गुन्ह्यात मोडू शकतं. त्याच निकालात न्यायालयाने 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच वापरू नका, असं सांगितलं. मला ते फार योग्य वाटतं. पोर्नोग्राफी म्हटलं की कुणीतरी राजीखुशीने काही केल्यासारखं वाटतं. मूल राजी नसतं. ते शोषण आहे, आणि शोषणच म्हणायला हवं.

मग करायचं काय? व्हिडिओचा स्क्रीनशॉट काढू नका, कारण ती त्याच मजकुराची आणखी एक प्रत होईल. कागदावर लिहून घ्या: कुठल्या ग्रुपवर आला, कुठल्या नंबरवरून आला, किती वाजता आला, लिंक असेल तर ती पूर्ण लिंक. राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्यानंतर तो फोनमधून काढून टाका, गॅलरीतून आणि 'रिसेंटली डिलीटेड'मधूनही. आणि आजच व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. आपण न मागितलेलं आपल्या फोनमध्ये येऊन बसतं ते याच वाटेने.

राष्ट्रीय पोर्टल म्हणजे नेमकं कुठलं?

सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. केंद्रीय गृह मंत्रालयाचं हे संकेतस्थळ आहे. पत्ता स्वतः टाइप करा. गुगलवर शोधून पहिली दिसेल ती लिंक उघडू नका, कारण तक्रार केंद्राच्या नावानेही बनावट साइट आणि बनावट नंबर असतात.

हे पोर्टल कसं आलं ते सांगण्यासारखं आहे. २०१५ साली हैदराबादच्या 'प्रज्वला' संस्थेच्या सुनीता कृष्णन यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या बलात्काराच्या व्हिडिओंकडे त्यांनी लक्ष वेधलं होतं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. त्या प्रकरणातून अशा मजकुराची तक्रार करण्यासाठी २०१८मध्ये पोर्टल सुरू झालं आणि ३० ऑगस्ट २०१९ पासून त्यावर सगळ्याच सायबर गुन्ह्यांची नोंद होऊ लागली. एका बाईने लिहिलेलं पत्र आज आपल्या सगळ्यांच्या कामी येतं आहे.

आत तीन वाटा आहेत: महिला आणि बालकांसंबंधीचे गुन्हे, आर्थिक फसवणूक, आणि बाकीचे. आपली तक्रार चुकीच्या खान्यात गेली तर चुकीच्या टेबलावर पोचते, म्हणून इथे घाई नको.

मुलांच्या शोषणाच्या मजकुरासाठी आणखी एक दार आहे. मुंबईच्या 'प्रेरणा' संस्थेच्या 'आरंभ इंडिया'ने २०१६ मध्ये ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनबरोबर तक्रारीची सोय सुरू केली. तिथे वेबपेजचा पत्ता द्यायचा असतो आणि तो मजकूर नेटवरूनच हटवण्यासाठी पाठपुरावा होतो.

तक्रार केली तर माझं नाव बाहेर येईल का? आम्हाला याच गावात राहायचंय.

महिला-बालकांच्या विभागात नाव न देता तक्रार करण्याची सोय आहे. मोबाइल नंबरही द्यावा लागत नाही. मात्र अशा तक्रारीचं पुढे काय झालं, ते तुम्हाला बघता येत नाही. नाव देऊन केली तर पोच क्रमांक मिळतो आणि तपासाची स्थिती कळते. समोर आलेला मजकूर फक्त कळवायचा असेल तर निनावी पुरे. तुमच्या घरातलंच माणूस भरडलं जात असेल, तर मात्र नाव देऊन करा.

आणि ते मूल ओळखीचं निघालं तर?

मग पोर्टलवर थांबू नका. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. मूल या क्षणी धोक्यात असेल तर ११२, हा तातडीच्या मदतीचा नंबर.

पॉक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा झाल्याचं किंवा होणार असल्याचं कळलेल्या प्रत्येक माणसावर तो कळवण्याची जबाबदारी आहे. शेजारी, शिक्षक, डॉक्टर, आत्या, मामा, सगळ्यांवर. न कळवणं हा गुन्हा आहे. चांगल्या हेतूने कळवलंत आणि नंतर माहिती चुकीची निघाली, तरी कायदा तुम्हाला धरत नाही. "घरातलं प्रकरण आहे, आपण कशाला पडा" हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत ऐकलं आहे, म्हणून इतकं ठासून लिहिते आहे. आणि मुलाचं नाव, शाळा, गल्ली, फोटो, काहीही कुठेही टाकायचं नाही. 'न्याय द्या' असं लिहिलेल्या बॅनरवरसुद्धा नाही.

माझ्या मुलीच्या डीपीवरून कुणीतरी घाणेरडा फोटो बनवलाय. पैसे दे नाहीतर सगळ्यांना पाठवतो म्हणतो. ती म्हणते जीव देईन.

आधी मुलीजवळ बसा. फोन नंतर बघू.

तिला पहिलं वाक्य काय ऐकू येतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं. "तुला सांगितलं होतं ना फोटो टाकू नकोस" हे ते वाक्य नसावं. डीपी ठेवणं गुन्हा नाही. एखाद्या मुलीने विश्वासाने कुणाला खाजगी फोटो पाठवला असला तरी तो बाहेर काढणारा गुन्हेगार आहे, ती नाही. तिचा फोन काढून घेऊ नका. तो काढून घेतला की ती एकटी पडते आणि पुरावाही तुमच्या हातून जातो.

पैसे देऊ नका. एकदा दिले की दुसरा आकडा येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. त्याच्याशी वाद घालू नका, पोलिसांची धमकीही देऊ नका. त्याच्या प्रोफाइलची पूर्ण लिंक, युजरनेम, नंबर, यूपीआय आयडी आणि धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्या. हे झाल्यावरच ब्लॉक करा. आधी ब्लॉक केलं आणि त्याने खातं बंद केलं, तर हातात काही राहत नाही.

मग त्या अॅपवरच तक्रार करा. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपन्यांवर बंधन घातलं की नग्नता दाखवणारा किंवा असा बदल करून बनवलेला फोटो हटवावा. पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणीही कळवल्यावर त्यासाठी २४ तासांची मुदत त्या नियमांनी ठरवली. 'तिच्या वतीने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आई करू शकते, भाऊ करू शकतो. प्रत्येक मोठ्या अॅपला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा पत्ता अॅपवर किंवा साइटवर द्यावा लागतो. त्याने दाद दिली नाही तर तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. ही समिती २०२३ पासून काम करते आहे आणि त्यासाठी वकील लागत नाही.

फोटो अजून पसरला नसेल तर एक साधन फार कामाचं आहे. मुलगी १८ वर्षांपेक्षा मोठी असेल तर 'स्टॉप एनसीआयआय', लहान असेल तर अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राचं 'टेक इट डाउन'. ही दोन्ही संकेतस्थळं मोफत आहेत. लोक दचकतात की आता तो फोटो आणखी कुठे चढवायचा का? तर नाही. फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो. त्याच्यापासून आकड्या-अक्षरांची एक खूण तयार होते, बोटाचा ठसा असतो तशी, आणि तेवढीच खूण बाहेर जाते. सहभागी कंपन्या, उदाहरणार्थ फेसबुक आणि इन्स्टाग्राम, त्या खुणेशी जुळणारा फोटो ओळखतात आणि अडवतात. एकमेकांच्या खाजगी चॅटमध्ये फिरणारा फोटो मात्र याने अडत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

कायद्याचं म्हणाल तर यात एकाच वेळी बरीच कलमं लागतात: माहिती तंत्रज्ञान कायद्यात खाजगीपणाचा भंग म्हणून ६६ई, अश्लील मजकुरासाठी ६७ आणि ६७अ. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाठलागासाठी ७८ आणि खंडणीसाठी ३०८ हे कलम आहे. ऑनलाइन पाळत ठेवणं हाही पाठलागच. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सोही येतो. ही कलमं तुम्ही पाठ करायची नाहीत. पण पोलिस ठाण्यात "हे किरकोळ आहे, खातं बंद करा आणि घरी जा" असं कुणी म्हणालं, तर ते किरकोळ नाही एवढं ठाऊक असलं पाहिजे.

आमचा मुलगा आहे. मुलांच्या बाबतीत असं होतं का?

होतं. व्हिडिओ कॉलवर समोरून कुणीतरी कपडे उतरवतं, इकडचं रेकॉर्डिंग होतं आणि पाचच मिनिटांत पैशाची मागणी येते. मुलगे घरी सांगत नाहीत, कारण "मुलगा असून रडतोस काय" हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. उपाय वर सांगितलेलेच आहेत, एकही वेगळा नाही.

कुणीतरी माझ्या नावाने खोटं खातं काढून ओळखीच्यांकडे पैसे मागतंय.

ओळखीच्या चार-पाच जणांना त्या खात्यावर जाऊन 'बनावट खातं' म्हणून रिपोर्ट करायला सांगा, स्वतःच्या खऱ्या खात्यावर सूचना टाका, पोर्टलवर नोंद करा. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलम ६६क (ओळखीची चोरी) आणि ६६ड (तोतयेगिरी करून फसवणूक) इथे लागतात. कुणी पैसे दिले असतील तर त्यांनी स्वतः १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला, फोन करायचा.

पैसे गेले. पहिला फोन कुणाला?

१९३०. बँकेच्या शाखेत जायच्या आधी.

हे माझ्या घरात घडलं आहे. माझ्या आत्याच्या खात्यातून शनिवारी दुपारी पैसे गेले. ती धावत बँकेच्या शाखेत गेली, तिथल्या माणसाने सांगितलं, "सोमवारी अर्ज घेऊन या." सोमवारपर्यंत ते पैसे चार खात्यांमधून फिरून एटीएममधून निघून गेले होते. त्या दोन दिवसांत कुणीतरी आम्हाला १९३० एवढे चार आकडे सांगायला हवे होते. आता मी ते प्रत्येक पालकसभेत फळ्यावर लिहिते.

त्या फोनमागचं काम असं चालतं. तुमची माहिती लगेच पैसे जिथे गेले त्या बँकेला किंवा वॉलेटला जाते. पैसे अजून तिथे असतील तर गोठवले जातात. पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेला निरोप जातो. ही शर्यत आहे, म्हणून मिनिटं मोजायची. हाताशी हे ठेवा: खात्याचा किंवा यूपीआयचा तपशील, किती रक्कम, केव्हा गेली, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. फोननंतर एसएमएसने पोच क्रमांक येतो. तो वापरून २४ तासांत पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची असते. बरेच जण फोन केला की झालं असं समजतात आणि तक्रार अर्धवट राहते.

बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. सहकारी बँकांसाठीही तसंच परिपत्रक त्याच वर्षी निघालं. तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर झालेलं बँकेचं. म्हणून लाज वाटली तरी कळवा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

'डिजिटल अरेस्ट' खरंच असते का? वडिलांना दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं होतं.

नसते. भारताच्या कुठल्याही कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक नाही. कुठलाही पोलिस, सीबीआय, ईडी, कस्टम किंवा न्यायाधीश व्हॉट्सअॅपवरून चौकशी करत नाही आणि 'तपासणीसाठी' पैसे वळवायला सांगत नाही. २७ ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी हेच सांगितलं होतं आणि डिसेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला.

तुमच्या वडिलांना भोळे म्हणू नका. यात फसलेल्यांमध्ये निवृत्त अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत. त्यांच्या प्रामाणिकपणाचाच वापर होतो: आयुष्यभर कायद्याला मान दिलेल्या माणसाला 'तुमच्या नावाने पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले' म्हटलं की त्याची झोप उडते. "कुणाला सांगू नका" ही या फोनची खूण. म्हणून घरात आधीच ठरवून ठेवा: कुणी 'सांगू नका' म्हणालं, की लगेच सांगायचं.

लिंक आली, पण आम्ही फसलो नाही. तरी कळवायचं का?

हो. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर 'चक्षू' नावाची सोय आहे, ४ मार्च २०२४ पासून. संशयास्पद कॉल, एसएमएस, व्हॉट्सअॅप मेसेज तिथे कळवायचे. तुम्ही वाचलात, पण त्याच नंबरवरून पुढचा फोन तुमच्या शेजारच्या आजींना जाणार आहे. तिथेच तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत, हेही बघता येतं. अनोळखी नंबर निघाला तर 'माझा नाही' असं कळवून टाका.

लग्नपत्रिका म्हणून फाइल आली होती. उघडल्यावर फोन विचित्र वागतोय.

नावाच्या शेवटी 'एपीके' होतं का? मग ती पत्रिका नाही, अॅप आहे. वाहतूक चलान, वीजबिल, पीएम किसान अशा नावांनीही येतं. ते तुमचे एसएमएस वाचतं, ओटीपीसकट. आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा, मग ते अॅप काढा, जमलं तर फोन पूर्ण रिसेट करा. आणि कुणी फोनवर *४०१* ने सुरू होणारा नंबर डायल करायला सांगितला तर करू नका. त्याने तुमचे कॉल दुसऱ्याकडे वळतात.

'मुलं पळवणारी टोळी आलीये' असा मेसेज आला. खबरदारी म्हणून पुढे पाठवला तर काय बिघडतं?

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजारचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. पाचही जण निरपराध होते. त्याआधी कित्येक दिवस असेच मेसेज त्या भागात फिरत होते, आणि ते पाठवणाऱ्या प्रत्येकाला आपण खबरदारी घेतोय असंच वाटत असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचांपेक्षा जास्त चॅटना फॉरवर्ड करणं बंद करायला घेतलं. दोन वर्षांनी, एप्रिल २०२०मध्ये, पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे अफवेनेच दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरचा जीव घेतला.

मेसेज खरा वाटत असेल तर ११२ ला किंवा पोलिस ठाण्यात फोन करून विचारा. समाजासमाजांत तेढ लावणाऱ्या मजकुरासाठी न्याय संहितेत कलम १९६ आहे, भीती पसरवणाऱ्या खोट्या बातमीसाठी ३५३.

मग मला न पटणारी प्रत्येक पोस्ट बेकायदा का?

मुळीच नाही, आणि हा फरक आपल्या राज्याने जवळून पाहिला आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना मुंबईतल्या बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. त्यातून देशभर चर्चा झाली, याचिका झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिणं गुन्हा ठरवणारं कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. टीका, नावड, वेगळं राजकीय मत, वाईट विनोद, हे सगळं तुम्हाला आवडलं नाही तर ब्लॉक करा. धमकी, शोषण, फसवणूक, हिंसेची चिथावणी असेल तर तक्रार करा. दोन्हींची गल्लत केली की खऱ्या तक्रारी ढिगाखाली जातात.

मी सोसायटीच्या ग्रुपची अॅडमिन आहे. कुणी काही टाकलं तर मी अडकेन?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ च्या निकालात म्हटलं, की दुसऱ्याच्या पोस्टसाठी अॅडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही. त्यात त्याचाही हात असल्याचं दिसावं लागतं. पण पोस्ट दिसताच हटवा, टाकणाऱ्याला काढा.

पोलिस ठाण्यात तक्रार घेतच नाहीत. "सायबरला जा" म्हणतात.

दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलिस न्यायालयाच्या परवानगीशिवाय करू शकतात) फिर्याद कुठल्याही पोलिस ठाण्यात देता येते, हद्दीचा प्रश्न नंतर. यालाच शून्य क्रमांकाचा गुन्हा म्हणतात आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तो स्पष्ट लिहिला आहे. ऑनलाइन पाठवलेली माहितीही चालते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नुसती 'एनसी', म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, हातात देऊन पाठवलं तर विचारा, का? तरी नकार आला तर तोच अर्ज जिल्ह्याच्या पोलिस अधीक्षकांना किंवा शहर असेल तर आयुक्तालयात लेखी पाठवा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. गोव्यात असाल तर रायबंदरला स्वतंत्र सायबर पोलिस ठाणं आहे.

एक लक्षात घ्या: पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. ती तुमच्या राज्याच्या पोलिसांकडे वर्ग होते आणि गुन्हा नोंदवायचा की नाही ते तिथे ठरतं. म्हणून पोच क्रमांकाची प्रिंट घेऊन ठाण्यात जा. जाताना मोबाइल सोबत न्या, त्यातलं मूळ काही पुसू नका (मुलांच्या शोषणाचा मजकूर सोडून, त्याचं काय करायचं ते वर सांगितलं आहे). स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि पूर्ण पत्ता दिसला पाहिजे. पुढे न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन शाबूत असेल तर ते सोपं जातं. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बाईला पोलिस ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या ठिकाणी जावं लागतं. हे तिला आधीच सांगा. अर्धी भीती तिथेच जाते.

भाची लंडनला शिकते. तिच्या बाबतीत घडलं तर इथून काय करू?

ती राहते त्या देशातली यंत्रणा आधी. ब्रिटनमध्ये मुलांच्या शोषणाचा मजकूर इंटरनेट वॉच फाउंडेशनकडे कळवतात, अमेरिकेत 'सायबर टिपलाइन' आहे, ऑस्ट्रेलियात ई-सेफ्टी आयुक्त. 'स्टॉप एनसीआयआय' कुठूनही चालतं. धमकी देणारा भारतातला असेल तर इथल्या घरच्यांनी इथेही फिर्याद द्यावी.

तक्रार झाली, फोटो हटला. पण मुलगी जेवत नाही, शाळेत जायचं नाव घेत नाही.

हा भाग कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. मनाच्या त्रासासाठी सरकारने चालवलेली ही मोफत सेवा आहे, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. ती स्वतः बोलणार नाही म्हणाली तर तुम्ही करा, तिला शेजारी बसू द्या. वर्गशिक्षिकेला तिच्या परवानगीने सांगा, पूर्ण गोष्ट नाही, फक्त "काही दिवस सांभाळून घ्या" एवढं. माझ्या वर्गातली एक मुलगी अशीच तीन आठवडे आली नव्हती. चौथ्या आठवड्यात तिची मैत्रीण रोज सकाळी तिच्या घरी जाऊन तिला सायकलवर बसवून आणायची. पहिले काही दिवस ती शेवटच्या बाकावर बसायची. मी तिला काही विचारलं नाही, हजेरीत फक्त तिचं नाव इतरांसारखंच घेतलं.